जुन्या उपकरणांवरून घराचं वय काढताना या चुका टाळा

रिसेलचा फ्लॅट किंवा जुना वाडा बघताना कागदपत्रं हाताशी नसली, की पंखा, गिझर, फ्रिज पाहून वास्तूच्या वयाचा अंदाज बांधला जातो. पद्धत चांगली आहे. पण ती वस्तू घराबरोबरच बसवली की नंतर आली, हे आधी तपासलं नाही तर अंदाज वीस वर्षांनीही सहज चुकतो.

टेम्पोतून आलेल्या वस्तूवर विसंबणं

फ्रिज, मिक्सर, टीव्ही आधीच्या बिऱ्हाडातून येतात. त्यांच्यावरून घराबद्दल काहीच ठरत नाही. बघायच्या त्या छताला, भिंतीला जखडलेल्या गोष्टी. पंख्याचा हूक सळईला अडकवून स्लॅबमध्येच ओतलेला असेल, तर तो पॉइंट बांधकामावेळचा. अँकर फास्टनर (भोक पाडून बसवायचा बोल्ट) ठोकून पंखा टांगला असेल, तर नंतरचा. हूक मूळचा असला तरी पंखा मूळचा असेलच असं नाही. मेन बंद करून पंख्याची वरची वाटी खाली सरकवा. छतावर तिच्याहून मोठ्या वाटीचा गोल उमटलेला दिसला, तर तिथे आधी दुसरा पंखा होता.

नेमप्लेटवरचा भलताच आकडा धरणं

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. पंख्यावर ‘आयएस 374 : 1979’ वाचून लोक पंखा 1979चा ठरवतात. ते मानकाचं साल आहे, उत्पादनाचं नाही. त्या मानकाची पुढची आवृत्ती 2019 साली आली, म्हणजे मधल्या चाळीस वर्षांतल्या कुठल्याही पंख्यावर हाच आकडा सापडू शकतो. त्यावरून एवढंच कळतं, की पंखा 1979च्या आधीचा नाही. तसंच ‘आयएसआय’ शिक्क्याचं. भारतीय मानक संस्थेची जागा 1987 साली भारतीय मानक ब्यूरोनं घेतली, पण शिक्का तोच राहिला आणि आजही छापला जातो. सीरियल नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे साल, हाही नुसता तर्क. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. कपॅसिटरवरचं महिना-वर्ष तर अजिबात धरू नका, कारण तो अधूनमधून बदलला जातो.

त्यापेक्षा नेमप्लेटवरचा कंपनीचा पत्ता वाचा. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, त्यामुळे पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर वस्तू त्यानंतरचीच. पिन नसेल तर मात्र उलटा निष्कर्ष काढू नका, पुढेही अनेक वर्षं पिनशिवाय पत्ते छापले गेले. गिझरची क्षमता गॅलनमध्ये असेल तर तो मेट्रिक मापं रुळण्यापूर्वीचा, म्हणजे साधारण 1960च्या दशकाच्या मध्याआधीचा, नाहीतर परदेशातून आणलेला. पंख्याच्या ‘48 इंचा’ला मात्र हा नियम लावू नका, 1200 मिमीच्या पंख्याला बाजारात आजही 48 इंचीच म्हणतात.

गिझर बघून न्हाणीघर विसरणं

गिझरची वायर भिंतीवरून क्लिपा ठोकून आणली असेल, तर गिझर नंतर आला. त्याच्या आधी पाणी कशावर तापत होतं ते शोधा. वरच्या कोपऱ्यात बुजवलेलं धुराड्याचं भोक, रंगाखाली काळपट डाग असतील, तर तिथे बंब पेटत असे. ही खूण गिझरच्या नेमप्लेटपेक्षा मोलाची.

मीटरचं साल ते घराचं साल

मीटर बदलले जातात. राज्य विद्युत मंडळाचं विभाजन जून 2005 मध्ये होऊन महावितरण आली, म्हणून मंडळाचं नाव असलेला मीटर त्याआधीचा एवढं नक्की. वीजबिलावरची पुरवठा दिनांकही पाहा. पण खेड्यात वीज येण्याच्या कितीतरी आधी घरं उभी होती, हे विसरू नका.

नवा स्विचबोर्ड उघडून वायरिंगचा निकाल लावणं

नूतनीकरणाचा हात जिथे पोहोचत नाही तिथे बघा: माळा, जिन्याखालची जागा, मीटर ते मेन स्विच. लाकडी केसिंग-कॅपिंगमधली (खाच असलेली पट्टी आणि तिचं झाकण), वर सुती वेष्टण असलेली रबरी वायर सर्वांत जुनी. लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेली वायर बहुधा त्यानंतरची आणि पीव्हीसी त्याहून अलीकडची. मेन बंद केल्यावर टेस्टरनं खात्री करा, मगच स्क्रू काढा. जुनं रबर वाळून बिस्किटासारखं तुटतं; वायर वाकवली तर वेष्टण गळून तांबं उघडं पडतं आणि मेन चालू करताच शॉर्ट होतो. म्हणून फक्त बघा, ओढू नका.

इथे आणखी एक फसगत होते. तार चंदेरी दिसली की ती ॲल्युमिनियमची समजतात. रबरातल्या गंधकामुळे तांबं खराब होतं, म्हणून त्या काळी तांब्याच्या तारांना कथिलाचा मुलामा देत. पुरवठा बंद असताना टोकाला ब्लेडनं हलकेच खरवडा. आतून लालसर निघाली तर ते तांबं.

एका खुणेवर थांबणं

लाकडी पट्ट्या, जुनी बटणं पाडलेल्या घरातून आणून पुन्हा बसवलेलीही असतात. हूक, वायरिंग, न्हाणीघर अशा किमान तीन वेगळ्या खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवत असतील तरच अंदाज धरा.

कायदेशीर कामाला यातलं काही चालत नाही. तिथे भोगवटा प्रमाणपत्र किंवा मालमत्ता कराच्या पहिल्या आकारणीचा उतारा लागतो. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची श्रेणी तर नेमक्या तारखांवर ठरते: 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची ‘अ’, त्यानंतर 31 डिसेंबर 1950 पर्यंतची ‘ब’ आणि तिथून 30 सप्टेंबर 1969 पर्यंतची ‘क’.