टनेल अप आहे, पण रिपोर्ट उघडत नाही: ब्रांच आणि वर्क फ्रॉम होमचं नेटवर्क शिकणाऱ्यांसाठी

नेटवर्किंगमध्ये नवीन आलेली पोरं व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खाजगी रस्ता) शिकायचं म्हटलं की आधी विचारतात, कुठल्या कंपनीचा फायरवॉल शिकू? कुठलाही शिका हो. दोन राउटरमध्ये आयपीसेकचा (पॅकेट एन्क्रिप्ट करून नेणाऱ्या प्रोटोकॉलचा) टनेल उभा करणं एका दुपारचं काम आहे, व्हिडिओ बघूनही जमतं. पगार मिळतो तो टनेल अप दिसतोय आणि तरी ब्रांचमधून फोन येतोय की बिल प्रिंट होत नाहीये, तेव्हा पॅकेट नेमकं कुठं अडकलं ते शोधण्याचा. मग शिकतानाही तेच शिकावं ना.

आधी लॅबचं सांगतो. जीएनएसथ्री, ईव्ह-एनजी ही लॅबची सॉफ्टवेअर चांगलीच आहेत, पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेपुरता ठीक, पण तिथली लाइन एकदम स्वच्छ असते, ना डिले ना लॉस, आणि खऱ्या ब्रांचची लाइन तशी कधीच नसते. त्यापेक्षा एक स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा व्हर्च्युअल सर्व्हर) भाड्याने घ्या, ते झालं हेड ऑफिस, घरचं ब्रॉडबँड म्हणजे ब्रांच, आणि लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटवर टाकला की तो झाला घरून काम करणारा माणूस. यात सीजीनॅट (आयएसपी एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटतो ते) आपोआप शिकून होतं. केबलवाल्याच्या कनेक्शनवर बऱ्याचदा राउटरच्या वॅनला १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसतो, म्हणजे तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी नाही आणि बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. मग टनेल ब्रांचकडूनच सुरू करावा लागतो, ईएसपीला (आयपीसेकचा डेटा नेणाऱ्या प्रोटोकॉलला) पोर्ट नंबर नसतो म्हणून नॅट पार करायला त्याला यूडीपी ४५०० मध्ये गुंडाळावं लागतं, आणि मधल्या नॅटने एंट्री पुसू नये म्हणून अधूनमधून कीपअलाइव्ह पाठवत राहायचं. वायरगार्डमध्ये (हा दुसरा एक व्हीपीएन प्रोटोकॉल) लोक सहसा २५ सेकंद ठेवतात.

आता टायटलमधली केस. ब्रांचमधून पिंग जातो, लॉगिन पेज येतं, आणि मोठा रिपोर्ट उघडला की नुसतं गोल फिरत राहतं. नव्वद टक्के लोक इथे आयएसपीला शिव्या घालतात. बघा काय होतं: इथरनेटचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) १५०० बाइट, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डवालं ब्रॉडबँड) असेल तर त्यातले ८ बाइट गेले, राहिले १४९२, वर जीआरई (पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळणारा टनेल) घेतला की अजून २४, मग आयपीसेकचे पन्नास-साठ. सर्व्हर पूर्ण १५०० चं पॅकेट सोडतो, त्यावर तुकडे करू नका असा डीएफ बिट असतो, मधला राउटर ते टाकून देतो आणि "लहान पाठव" असा आयसीएमपी निरोप मागे पाठवतो, पण तो निरोप वाटेत कोणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली ब्लॉक केलेला असतो. (आयसीएमपी सरसकट बंद करणाऱ्यांबद्दलचं मत मी इथे लिहीत नाही.) तपासायला विंडोजवर पिंगला -एफ आणि -एल १४७२ द्या, त्यात हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात, नाही गेला तर आकडा कमी करत जा, कुठे जायला लागतो ते बघा. जीआरई टनेलवर आयपी एमटीयू १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) १३६० ही जोडी खूप ठिकाणी चालते, पण मोजून लावा, पाठ करून नको.

इंटरव्ह्यूला फेज वन फेज टू (आयपीसेक टनेल उभा राहण्याचे दोन टप्पे) विचारतातच, पण थिअरीपेक्षा काउंटर वाचायला शिका. सिस्कोवर आयपीसेक एसए (चालू टनेलची माहिती) काढला की एनकॅप्स (टनेलमध्ये गेलेली पॅकेट) आणि डीकॅप्स (टनेलमधून आलेली) दिसतात. एनकॅप्स वाढतोय आणि डीकॅप्स शून्यावर बसलाय, म्हणजे तुमच्याकडून माल निघतोय, परत काही येत नाहीये: समोरच्या बाजूचं रिटर्न राउटिंग किंवा तिथली नॅट एक्झेम्प्शन (टनेलचा ट्रॅफिक नॅटमधून वगळणं) बघा. दोन्ही शून्य असतील तर पॅकेट तुमच्याच टनेलमध्ये शिरत नाहीये, समोरच्याला फोन करायची गरज नाही.

घरून काम करणाऱ्यांचा त्रास वेगळा. हेड ऑफिसचं सबनेट १९२.१६८.१.० असेल तर विषयच संपला, कारण अर्ध्या घरांतल्या राउटरवर तेच असतं, आणि लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरच्या प्रिंटरच्या शेजारी शोधत बसतो. नवीन डिझाइन करताना १०.x मधली जरा आडवळणाची रेंज घ्या. नावाने सर्व्हर सापडत नाही पण आयपीने सापडतो, तर तो डीएनएसचा घोळ, व्हीपीएनचा नाही. स्प्लिट टनेलवर (फक्त ऑफिसचा ट्रॅफिक व्हीपीएनमधून, बाकी सरळ इंटरनेटवर) मॅनेजर लोक वाद घालतात, त्यात पडू नका, ते पॉलिसीवाल्यांना ठरवू द्या.

जुनं मटेरियल हाताला लागलं तर फेकू नका. सिस्कोच्या सीसीएनपीमध्ये २००६ पर्यंत बीक्रॅन नावाचा पेपर होता, त्यात आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन लाइन), फ्रेम रिले (जुनी भाड्याची वॅन सेवा), डायल बॅकअप असं सगळं. आयएसडीएन बीआरआय म्हणजे ६४ केबीपीएसचे दोन चॅनल आणि १६ चा सिग्नलिंगचा, बिल मिनिटावर, म्हणून कुठल्या ट्रॅफिकसाठी कॉल लावायचा ते ठरवून द्यावं लागायचं, नाहीतर राउटिंगचे हॅलोच (राउटर एकमेकांना सतत पाठवतात ते छोटे मेसेज) रात्रभर लाइन चालू ठेवायचे. आज बॅकअपला ४जी सिम लावताना हाच विचार लागतो, डेटा पॅक संपतो ना. फरक एक आहे: रस्ता खोदताना फायबर तुटली तरी ओएनटीपासून (फायबरच्या मोडेमपासून) राउटरपर्यंतचा पोर्ट अपच राहतो, मग नुसता फ्लोटिंग स्टॅटिक रूट (मुख्य रूट गेला की पुढे येणारा राखीव रूट) टाकून काही होत नाही, आयपी एसएलएने (सिस्को राउटरमधल्या तपासणीच्या सोयीने) बाहेरचा एखादा आयपी पिंग करत राहून रूट ट्रॅक करावा लागतो.

आणि ब्रांचला आयटीचं कोणी नसतं, राउटरला हात लावणारे अकाउंट्सचे काका असतात. त्यामुळे केबलला लेबल लावा, मराठीत. लांबून कॉन्फिग बदलायच्या आधी "रिलोड इन १०" द्या, सेव्ह करू नका. स्वतःच बाहेर पडलात तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगवर परत येतो, आणि सगळं नीट चाललं तर आधी रिलोड कॅन्सल, मग राइट (म्हणजे सेव्ह). कॅन्सल करायचं विसरलात तर काकांचा फोन येईलच.