चादरींच्या पेटीत कापूर ठेवताना
सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर गेला की पेटीतला कापूर भराभर उडतो. तो वितळत नाही, घनाची थेट वाफ होते. चादरी आधी धुऊन खडखडीत वाळवा. मग मलमलच्या पुरचुंडीत चार-पाच वड्या बांधून सगळ्यात वरच्या घडीवर ठेवा. कापराची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरते. दर महिन्याला पुरचुंडी चाचपा, पोकळ लागली की भरा.

डांबरगोळ्या मात्र सोबत नकोतच! कापराला खेटल्या की दोन्ही पातळ होतात, चादरीवर तेलकट डाग उमटतो. आणि पेटीला कडी हवीच: लहान मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी झटके येतात, तडक दवाखाना गाठावा लागतो.