हलगर्जीपणामुळे रुग्ण दगावला? दावा करताना या चुका टाळा

ग्राहक आयोगात वर्षानुवर्षं पाहतोय, खरे दावे कागदांअभावी पडतात. घरचं माणूस गेल्यावर कागद कुणाला सुचणार, हे मान्य. म्हणूनच जरा लांबच्या एखाद्या नातेवाइकाने हे काम अंगावर घ्यावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे केसपेपर न मागणं. डेथ समरी आणि बिल म्हणजे केसपेपर नव्हे. नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, संमतीपत्रं, आयसीयूतले तक्ते, सगळ्याच्या प्रती लेखी अर्जाने मागा आणि अर्जावर पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. तोंडी मागितलं की ‘उद्या या’ सुरू होतं.

एका प्रकरणात मुलगा वर्ष उलटल्यावर आला, हातात फक्त बिलं. पुढे रुग्णालयाने नोट्स दाखल केल्या, तर तिन्ही पाळ्यांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत. इंजेक्शन रात्री एकला दिल्याची नोंद होती. पण सुनेने मेडिकलच्या पावत्याही पिशवीत जपल्या होत्या आणि त्याच इंजेक्शनच्या पावतीवर वेळ होती पहाटे पावणेचारची. उशीर सिद्ध झाला. तरी त्या उशिरानेच मृत्यू झाला, हे दाखवता आलं नाही, कारण शवविच्छेदनच केलं नव्हतं. भरपाई नावापुरती मिळाली.

‘चिरफाड नको’ ही भावना मला समजते. पण शंका असेल तर अंत्यसंस्काराआधी पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन शवविच्छेदन मागाच. ती संधी परत येत नाही.

आधी पोलीस केस, मग भरपाई, हा हिशेबही चुकीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. भरपाईच्या दाव्याला तेवढी मोठी पायरी चढावी लागत नाही. शिवाय ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, आणि पोलीस किंवा मेडिकल कौन्सिलकडे अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही.

तोडफोड करू नका. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तुमचा खरा दावा बाजूला पडतो तो वेगळाच.

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ नका. तिथे दिवाणी न्यायालय.

मोबाइलवर फिरणारा नोटिशीचा मसुदा नाव बदलून धाडणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. त्यात डॉक्टरचं नेमकं काय चुकलं, हेच नसतं. आधी फाइल त्याच शाखेच्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या. त्याने चूक नाही म्हटलं, तर मी पक्षकाराला तसं तोंडावर सांगतो आणि नोटीस काढत नाही.