डायलिसिसवर असलेल्या कर्मचाऱ्याची नोकरी कशी टिकवावी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करण्याचा उपचार) घ्यावे लागते. असे अनेक कर्मचारी काम करू शकतात. त्यांची नोकरी धोक्यात येते ती बहुधा हजेरीपटामुळे. म्हणून विभागप्रमुखाने सर्वप्रथम डायलिसिस केंद्राने दिलेले वार आणि वेळ विचारून घ्यावी व कामाची पाळी त्याभोवती बसवावी, कारण केंद्रातली वेळ बदलून मिळणे कठीण असते. डायलिसिसनंतर पुष्कळांना थकवा येतो, रक्तदाबही उतरतो. त्यामुळे सकाळी उपचार आटोपून दुपारी थेट कामावर बोलावणे योग्य नव्हे. संध्याकाळची वेळ मिळत असल्यास काम आधी आणि उपचार नंतर, अन्यथा ते तास इतर दिवशी भरून घेणे, हे दोन मार्ग बरे.

डॉक्टरांच्या दाखल्यावर 'हलके काम द्यावे' एवढेच लिहिलेले असते आणि घोळ तिथेच होतो, कारण हलके म्हणजे काय हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो. कर्मचाऱ्याने डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्यावे: फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताने जड वस्तू उचलायची नाही, त्या हातावर घट्ट पट्टा किंवा दाब नको, पाणी मोजून प्यावे लागत असल्याने भट्टीजवळ किंवा उन्हात नेमणूक नको. अशा स्पष्ट यादीवर व्यवस्थापनाला निर्णय घेता येतो.

पोटातून डायलिसिस करणाऱ्याला, म्हणजे पोटात द्रव सोडून रक्त शुद्ध करणाऱ्याला, दिवसातून काही वेळा त्या द्रवाची पिशवी बदलावी लागते. त्यासाठी सुमारे अर्धा तास आणि हात धुण्याची सोय असलेली स्वच्छ, बंद खोली द्यावी. स्वच्छतागृहात पाठवू नये; जंतुसंसर्ग झाल्यास पोटाच्या अस्तराला सूज येऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागू शकते.

शस्त्रक्रिया किंवा प्रत्यारोपणासाठी दीर्घ रजा लागली, तर राजीनाम्याचा विषय काढण्यापूर्वी राज्य कामगार विमा योजना तपासावी. विमाधारकाला आजारपणाचा लाभ वेतनाच्या 70 टक्के दराने 91 दिवसांपर्यंत मिळतो. दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी होणे हे विस्तारित लाभाच्या आजारांत मोडते आणि सेवा व वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास त्यानंतर 80 टक्के दराने रक्कम मिळू शकते.

सहकाऱ्यांना बदललेली पाळी सांगणे पुरेसे आहे. आजाराचे नाव कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय उच्चारू नये. ठरलेली व्यवस्था लेखी ठेवावी आणि उपचाराचे वार बदलताच ती नव्याने लिहावी.