आर्लीचा बिडाचा रेल्वे पूल नीट बघायचा असेल तर

इंग्लंडमधे सेव्हर्न नदीवर आर्लीजवळ व्हिक्टोरिया ब्रिज आहे, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या कमानींचा, इंजिनियर जॉन फाउलरने डिझाईन केलेला, आणि त्याच्यावरून आजही वाफेच्या इंजिनाच्या गाड्या जातात! सेव्हर्न व्हॅली रेल्वेची गाडी पकडा, पण नुसते डब्यात बसून राहू नका कारण पूल असा सुटकन निघून जातो आणि खालची कमान दिसतच नाही. आर्लीला उतरा आणि नदीच्या प्रवाहाबरोबर बूडलीच्या दिशेने पायवाटेने चालत जा. गाड्या रोज नसतात हं, टाईमटेबल आधी बघून घ्या.

पुलाजवळ गेलात की घाई करू नका. आधी अक्षरं वाचा, १८६१ साल आणि पुलाचे भाग ओतणाऱ्या कोलब्रुकडेल कंपनीचं नाव त्या बिडातच ओतलेलं आहे. मग कमानी मोजा, लांबून एकच वाटते पण खाली शेजारी शेजारी चार आहेत, एकेक या काठापासून त्या काठापर्यंत २०० फुटांची, आणि प्रत्येक कमान तुकडे ओतून बोल्टनी जोडलेली, ते सांधे शोधाच. बीड दाबाला दणकट पण ताणाला कच्चं, म्हणून तर कमान, तिच्यात सगळा भार दाबाचाच होऊन दोन्ही काठांवर उतरतो. चेस्टरला १८४७ मधे डी नदीवरच्या रेल्वे पुलाला बिडाची सरळ तुळई वापरली होती, ती गाडीखाली मोडली आणि ५ माणसं गेली.

आता गाडी येईपर्यंत थांबा, प्लीज थांबाच, इंजिन डोक्यावरून जाताना ऐकायला मला तरी फार आवडतं.