आदिवासी सांस्कृतिक भवन बांधण्याआधीची तयारी

समजा, तुमच्या महापालिकेच्या महासभेत ‘शहरात आदिवासी सांस्कृतिक भवन उभारावे’ असा ठराव एकमताने मंजूर झाला. असे ठराव एकमतानेच होतात. विरोध करून वाईटपणा कोण घेणार? पुढच्याच आठवड्यात आर्किटेक्ट थ्रीडी चित्र घेऊन येतो. काचेचा दर्शनी भाग, भिंतीवर वारली नाच, समोर कारंजं. चित्र छान आहे म्हणा आणि कपाटात ठेवून द्या. नकाशाची वेळ यायला अजून बराच अवकाश आहे. त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे: भवन झाल्यावर किल्ली कोणाकडे राहणार? बाकीची तयारी त्यावर ठरते. बोलायला सोपं जावं म्हणून इथे नाशिक डोळ्यांसमोर ठेवलं आहे. ठाणे, नागपूर, चंद्रपूरकरांनी आपापले तपशील घालून घ्यावेत.

पहिली तयारी माणसांची. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात साधारण दर चार माणसांत एक आदिवासी. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात. तरीही शहराला आदिवासी दिसतात ते मजूर नाक्यावर, नाहीतर मोर्च्यात. २०१८ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी इथून मुंबईपर्यंत चालत गेले, त्यांतले बहुतेक आदिवासीच होते. तेव्हा ‘आदिवासी समाज’ असा एकच कप्पा करून एकच प्रतिनिधी बोलावू नका. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली, ठाकर, कातकरी यांची बोली वेगळी, देव वेगळे, आणि एकमेकांबद्दलची मतंही बरीच ठाम. नोकरीत स्थिरावलेली, संघटना चालवणारी मंडळी बैठकीला आपण होऊन येतील. कातकरी येणार नाहीत. त्यांच्याकडे तुम्हालाच जावं लागेल, तेही पावसाळ्यात, कारण दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर गेलेली असतात. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांची माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत असतात. बैठक दुपारी तीन वाजता महापालिकेच्या सभागृहात ठेवली, तर रोज बुडवून कोणी येणार नाही. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, तेव्हा खेड्यांतून माणसं येतात. त्या दिवशी तिथेच चटई टाकून बसा. बायकांची बैठक वेगळी घ्या. आणि आलेल्यांना बुडालेला रोज द्या. चहा-बिस्किटांवर सल्ला घ्यायची सवय महापालिकांनी सोडलेली बरी.

मग जागा. यात वर्ष जाईल असं धरून चाला. मालमत्ता विभाग पहिली जागा दाखवील ती कुणालाच नको असलेली असेल, गावाबाहेर, नाल्याकाठी. तपोवनाकडचं मोकळं रान बघून भुलू नका. साधुग्रामामुळे, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या तळामुळे, दर सिंहस्थाला तिथे ताण येणारच. विकास आराखड्यात त्या भूखंडावर काय आरक्षण आहे ते नगररचना विभागाकडून लेखी घ्या. आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव, हरकती-सूचना, शासनाची मंजुरी हे सगळं ओघाने आलंच. पेठ-सुरगाण्याची एसटी जिथे थांबते तिथून पायी जाता येईल इतपत जागा जवळ हवी. बाकी सगळ्या सोयी नंतर करता येतात, ही एक नाही.

जागा कोणत्या कागदावर द्यायची, यासाठी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची गोष्ट माहीत असलेली चांगली. तिथला फोर्ट लॉटन हा लष्करी तळ सरकारला नकोसा झाला होता आणि शहराला तिथे मोठं उद्यान करायचं होतं. शहरात राहणाऱ्या मूलनिवासी लोकांचं म्हणणं, ही जमीन आमची होती, तिच्यातला वाटा द्या. कोणी दाद देईना. ८ मार्च १९७० रोजी बर्नी व्हाइटबेअर यांच्या पुढाकाराने ते कुंपणावरून चढून आत शिरले. लष्कराच्या पोलिसांनी धरून बाहेर काढलं. मग त्यांनी फाटकाबाहेर तळ ठोकला. वाटाघाटी होऊन अखेर २० एकर जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्यांच्या संस्थेला मिळाली, तीही मुदत संपल्यावर नूतनीकरण करता येईल अशा अटीवर. १९७७ साली तिथे डेब्रेक स्टार हे केंद्र उभं राहिलं. बांधकामाला लागलेलं लाकूड वेगवेगळ्या जमातींनी दिलं. आसपासचं उद्यान शहराचं, केंद्र मात्र चालवतात ते स्वतः. दरवर्षी जुलैमध्ये तिथे त्यांचा मोठा पॉवॉव मेळा भरतो. यातून उचलायची गोष्ट ती २० एकरांची नाही, भाडेपट्ट्याची आहे. महापालिकेत सत्ता बदलते, आयुक्त तर त्याहून लवकर बदलतात. पण नोंदणी झालेला दीर्घ मुदतीचा पट्टा सहजासहजी कोणाला हलवता येत नाही.

आपल्याकडे महापालिकेची मिळकत पट्ट्याने देण्याची वाट महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ मधून जाते. विधी विभागाला सुरुवातीपासूनच सोबत घ्या, शेवटी सहीपुरतं नको. ज्या संस्थेला पट्टा द्यायचा ती नोंदवलेली हवी, आणि तिच्या घटनेत दोन-तीन गोष्टी ठळक असाव्यात: कार्यकारिणीत प्रत्येक जमातीची जागा, निम्म्या बायका, पदाधिकाऱ्यांची बदलती पाळी. महापालिकेचा एक अधिकारी बैठकीला बसेल, मत देणार नाही. आरक्षणाची वही, म्हणजे हॉल कोणाला कोणत्या तारखेला द्यायचा ती नोंद, संस्थेकडेच राहील. हे स्पष्ट लिहिलं नाही तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे: लग्नसराईत हॉल बाहेरच्यांना भाड्याने जातो, ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, हार घालण्यापुरता उघडतो आणि एरवी कुलूप. पाड्यांवरची समाजमंदिरं बघा. बांधकामाला निधी मिळतो, झाडलोट आणि वीजबिलाला कोणी विचारत नाही. म्हणून पहिल्या दहा वर्षांचा चालू खर्च, म्हणजे पहारेकरी, सफाई, वीज, पाणी आणि एक पूर्णवेळ व्यवस्थापक, अंदाजपत्रकात वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवून घ्या. तो मंजूर होत नसेल तर इमारत लहान करा.

आता आर्किटेक्टला बोलवा. पण त्यालाही आधी एक रात्र पाड्यावर पाठवा, भाताची कापणी झाल्यावर, तारपा वाजतो तेव्हा. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण. वाजवणारा पुढे, त्याच्यामागे एकमेकांच्या कमरेत हात घातलेली नाचणाऱ्यांची रांग, आणि ती रांग वळत, उलगडत, पुन्हा आत शिरत रात्रभर चालते. तारपेवाल्याकडे पाठ करत नाहीत. या नाचाला स्टेज लागत नाही, प्रेक्षकांच्या खुर्च्याही लागत नाहीत. लागतं मोकळं, बिनखांबी अंगण, चाळीस फुटांहून कमी नको, आणि पायाला ओळखीची वाटेल अशी जमीन. व्हिट्रिफाइड टाइल्सवर अनवाणी पाय घसरतात आणि टाचेचा ठेकाही विरून जातो. अंगण मातीचंच ठेवा. ते कोण सारवणार, हेही आधी ठरवा, नाहीतर पहिल्या पावसानंतर कोणीतरी पेव्हर ब्लॉक बसवून टाकील. एक अडचण अभियंता लगेच सांगेल: कुडाच्या भिंती, सारवण असल्या बाबी दरसूचीत, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांच्या यादीत, सापडत नाहीत, मग एस्टिमेट करायचं कसं? त्याचं दरपृथक्करण करून, म्हणजे साहित्य-मजुरीवरून दर काढून, आधीच मंजूर करून घ्या, आणि हे काम येणाऱ्या गवंड्यांना, म्हणजे पाड्यावरच्याच माणसांना मिळेल अशी अट टेंडरमध्ये घाला.

अंगणाबरोबर एक छोटी खोलीही हवी, आणि ती नकाशात सहसा नसते. थाळगान करणारा काशाच्या थाळीवर मेणाचा गोळा लावतो, त्यात एक काडी उभी करतो आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढत राहतो. त्या घासण्यातून एक सलग घुमणारा सूर निघतो आणि त्या सुरावर तो कथा सांगतो. डोक्यावर पंखा फिरत असेल किंवा शेजारी एसीचं यंत्र घरघरत असेल तर तो सूर ऐकूच येत नाही. पंधरा-वीस माणसं खाली बसतील एवढी, जाड भिंतींची, मायक्रोफोन नसलेली खोली बांधा. मोठ्या सभागृहापेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते. मोठी सभागृहं शहरात आहेतच.

रात्रीच्या कार्यक्रमांचा प्रश्न निघेल. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंतच. वर्षातून ठरावीक दिवस शासन बारापर्यंत सवलत देतं, त्या दिवसांसाठी पोलीस ठाण्यात अर्ज वेळेत टाका. तारप्याला ध्वनिक्षेपक लागत नाही, तरी शेजारच्या सोसायटीची तक्रार येणारच. त्या सोसायटीलाही पहिल्या वर्षीच जेवायला बोलवा.

म्हणजे स्वयंपाकघर आलं. गॅसचा ओटा आत, आणि बाहेर पत्र्याच्या छपराखाली तीन चुली. नागलीच्या भाकरीला आणि उडदाच्या भुज्याला चुलीची धग लागते आणि धूर होतोच, म्हणून हे छप्पर सभागृहाच्या वाऱ्याखाली ठेवा. ऑगस्टमध्ये कुर्डू, कवळी अशा रानभाज्या असतात आणि ९ ऑगस्टचा आदिवासी दिनही त्याच दिवसांत, तेव्हा पहिलं मोठं जेवण तेच ठरवा. केटरर नको.

देवांबद्दल सावध राहा. उद्घाटनाला ‘आदिवासी दैवतांची स्थापना’ करावी असं कोणी तरी उत्साहाने सुचवीलच. करू नका. डोंगऱ्या देव मार्गशीर्षात डोंगरावर होतो, वाघदेव शिवेवर असतो, वाघबारशीला त्याची पूजा तिथेच होते. त्यांना कोंबडं लागतं, दारूची धार लागते, आणि भवनाच्या दारावर ‘मद्यपान निषिद्ध’ची पाटी लागलेली असते. हा झगडा इमारतीत आणून कोणाचंच भलं नाही. बोहाडा म्हणजे गावातला मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव; त्याच्या मुखवट्यांचंही तसंच. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे गावात ठरलेलं असतं. जुना मुखवटा काचेच्या पेटीसाठी मागून आणलात तर त्या घरचा मान उचलून आणल्यासारखं होईल. भवनासाठी नवे मुखवटे करवून घ्या, कारागिराला पूर्ण दाम द्या आणि त्याचं नाव खाली लिहा. भिंतीवरच्या चित्रांचं काम रंगारी कंत्राटदाराला देऊ नका. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिव्या सोमा मशे यांना त्याआधी २०११ मध्ये पद्मश्री, आणि तरीही उड्डाणपुलांच्या खांबांवर स्टेन्सिलने नाचणारी माणसं उमटतच असतात. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, काढतात तो सवाशिणी, लग्नघरात, पालघट देवीसाठी. तो लिफ्टशेजारी शोभेला काढायचा की नाही हे त्यांनाच विचारा. नाही म्हणाल्या तर भिंत कोरी राहू द्या.

समितीला सहल हवीच असते, तर ती भोपाळला काढा. मानव संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांच्या लोकांनी स्वतः येऊन आपापली घरं बांधली आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या मध्य प्रदेशच्या जनजातीय संग्रहालयातलं कामही बऱ्याच अंशी आदिवासी कलाकारांच्याच हातचं. त्यानंतर पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पाहा, म्हणजे जे तिथे आधीच आहे तेच पुन्हा गोळा करत बसणार नाही. ध्वनिमुद्रण करायचं ठरलं तर परवानगी बोलीतून समजावून, लिहून घ्या, आणि प्रत गाणाऱ्याच्या घरी पोचली पाहिजे. काही कथा ठरावीक प्रसंगीच सांगतात. त्या यंत्रात घेऊ नका म्हणाले तर विषय संपला.

बैठकांत तरुण मुलांना बोलू दिलंत तर ते संग्रहालयाचं नावही काढणार नाहीत. वसतिगृहात राहून पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या मागे लागलेल्या पोरांना हवी असते रात्रभर उघडी अभ्यासिका, चालणारं वायफाय आणि पाठ्यपुस्तकांचा एक संच. हे ऐकून जाणकारांचा चेहरा पडतो, ‘मग संस्कृतीचं काय?’ म्हणून. पण रोज संध्याकाळी शंभर पोरं जिथे येतात तिथेच एखादा म्हातारा पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य काढून बसेल. सिव्हिल हॉस्पिटलात माणूस दाखल करून बाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी दोन खोल्याही त्याच मजल्यावर काढा.

नावाचा विषय सगळ्यात शेवटी घ्या. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, ते महादेव कोळ्यांचे. भागोजी नाईक भिल्लांचे. बिरसा मुंडा सगळ्यांचे, पण झारखंडचे. नाव आधी निघालं तर बाकीच्या बैठका त्यातच जातील. भवनाला जागेवरून साधं नाव द्या आणि दालनांना वीरांची नावं द्या, प्रत्येकाला एक येतं.

उद्घाटनाची तारीख मंत्र्यांच्या दौऱ्यावरून न ठरवता भातकापणीनंतरची ठरवा. पाहुण्यांच्या डोक्यावर पिसांचा टोप आणि हातात धनुष्य द्यायचं नाही, हे त्यांच्या स्वीय सहायकाला पत्रातच कळवा. नाचणाऱ्यांना दुपारी बारापासून उन्हात उभं करू नका. कार्यक्रम लांबतोच, आणि सुरगाण्याची शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही; रात्रीच्या जादा गाड्यांसाठी आगार व्यवस्थापकाला निदान महिनाभर आधी पत्र द्या आणि पैसे आगाऊ भरून पावती फाइलला लावा.