गुडघ्याला पॅड लावताना

पेशंट खुर्चीत बसतात, पाय पुढे करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "यानं झीज भरून येते का हो?" नाही येत. ना विजेनं, ना लेझरनं. मशीनमुळे दुखणं थोडा वेळ कमी होऊ शकतं, आणि तो वेळ व्यायामाला लावायचा असतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी हे रोज सांगते. तरी निम्मे जण पॅड लावून डुलकी काढतात.

घरी वापरतात ते मशीन बहुतेकदा टेन्स, म्हणजे कातडीवर लावलेल्या पॅडमधून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करणारं. गुडघा साबणानं धुऊन कोरडा करा. तेल, बाम काही नको; तेलकट कातडीवर पॅड नीट चिकटत नाही आणि उचललेल्या कडेपाशी चटके बसतात. मशीन बंद ठेवूनच चार पॅड लावा: दोन वाटीच्या वर, दोन खाली, आतल्या आणि बाहेरच्या बाजूंना. वाटी मोकळी ठेवा. एका वायरचा एक पॅड वर आत, दुसरा खाली बाहेर. दुसऱ्या वायरचे याच्या उलट. म्हणजे करंट सांध्यातून आरपार तिरका जातो. फ्रिक्वेन्सी 80 ते 100 हर्ट्झ ठेवा आणि झिणझिण्या चांगल्या जोरदार, पण सोसवतील इतपत वाढवा. स्नायू फडफडायला लागला तर एक पायरी खाली या. पाच-दहा मिनिटांत शरीराला सवय होऊन झिणझिण्या मंदावतात, तेव्हा पुन्हा थोडं वाढवा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि "काही वाटलंच नाही" म्हणून तक्रार करतात. अर्धा तास पुरे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेला 'गेट'चा सिद्धांत यामागे आहे: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, तसंच.

पॅड लागलेले असतानाच खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. हात न टेकता जमलं तर उत्तम.

मांडीचा पुढचा स्नायू फारच सुकला असेल तर स्नायू आकसवणारं दुसरं मशीन लागतं. ते टेन्स नव्हे, आणि पहिले काही दिवस तरी थेरपिस्टसमोरच लावा. एक मोठा पॅड मांडीवर वर बाहेरच्या बाजूला, दुसरा गुडघ्याच्या थोडा वर आतल्या बाजूला. करंट दहा सेकंद चालू, तीस ते पन्नास सेकंद बंद. चालू असताना तुम्हीही पाय ताठ करायचा, नुसतं बघत बसायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी आधीच्या पेशंटनंतर नॉब शून्यावर आणायला विसरले. बटण दाबताच पुढच्या काकांचा पाय उसळला आणि समोरचं स्टूल कलंडलं. ते हसले, मला मात्र घाम फुटला. तेव्हापासून पॅडला हात लावण्याआधी माझी बोटं नॉबकडे जातात.

लेझरबाबत तुम्ही एकच प्रश्न विचारा: "एका पॉइंटला किती ज्यूल देताय?" ज्यूल म्हणजे दिलेली ऊर्जा. हिशेब साधा आहे, वॅट गुणिले सेकंद. 100 मिलिवॅटचा प्रोब, म्हणजे लेझरचा हातात धरायचा दांडा, 40 सेकंद धरला की 4 ज्यूल. 785 ते 860 नॅनोमीटरच्या लेझरला पॉइंटमागे साधारण 4 ते 8 ज्यूल लागतात, 904 च्या पल्स लेझरला 1 ते 3. गुडघा जरा वाकवून सांध्याच्या फटीवर प्रोब सरळ टेकवतात, हवेत फिरवत नाहीत. कमी शक्तीच्या लेझरनं काही जाणवत नाही, म्हणून मशीन बिघडलंय असं समजू नका. जास्त शक्तीचा लेझर मात्र तापतो, म्हणून तो फिरता ठेवतात. चटका बसला की लगेच बोला. गॉगल दोघांनाही हवा. मला दिलाच नाही असं कुणी सांगितलं की मी चिडते.

पेसमेकर असेल तर वीज नको. पोटरी सुजून दुखत असेल, गुडघ्यापाशी कर्करोगाची गाठ असेल, कातडी बधिर किंवा फाटलेली असेल, तर आधी डॉक्टर. गरोदरपणातही विचारूनच. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला असेल तर मशीन राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हेही लपवत नाही: अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 मध्ये गुडघ्यासाठी टेन्स वापरू नये असं ठामपणे म्हटलं, आणि ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं 2022 मध्ये पुरावा अपुरा म्हणून लेझर आणि वीज दोन्हींना नकार दिला. व्यायामाला मात्र दोघांचाही होकार आहे. तरी मी पॅड लावते, कारण काहींचं पाऊल त्याशिवाय व्यायामाकडे वळतच नाही.

तुमच्यापुरता निकाल वहीत लावा. रोज तोच जिना, तीच वेळ, दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा. माझ्या एका आजींच्या वहीत तीन आठवडे 7, 7, 6, 7 असंच चाललं होतं. मशीन बंद केलं, उठबस चालू ठेवली. पुढच्या पानांवर 5 दिसायला लागला.